शुक्रवारची बैठक

सासूबाई आमच्याकडे कायमच्या राहायला आल्या, त्या दोन पिशव्या आणि एक दुखरा खांदा घेऊन. एकवीस वर्षं त्यांनी लाँड्रीत ओल्या चादरी उचलल्या होत्या.

ती लाँड्री तिथे काम करणाऱ्या बायकांचीच होती. आधी तिला मालक होता. एका सकाळी बायका कामावर गेल्या तर दाराला कुलूप आणि मालक पसार. आत दवाखान्याच्या चादरी भिजत पडलेल्या. सासूबाई धरून अकराजणी पायरीवर बसून राहिल्या. दुपारी इस्त्रीवाली म्हणाली, "चादरी कुजतील गं. आधी धुऊन तरी टाकू." मागच्या खिडकीतून शिरून त्यांनी त्या धुतल्या, आणि मग थांबल्याच नाहीत. पुढे कोर्टकचेऱ्या झाल्या, रीतसर सहकारी संस्था उभी राहिली. इस्त्रीवालीला एक मत आणि फरशी पुसणारीलाही एकच.

"पहिल्या बैठकीत मला विचारलं, तुझं काय म्हणणं आहे?" सासूबाई सांगायच्या. "मी मागे वळून बघितलं, दुसऱ्या कुणाला विचारतायत का म्हणून."

आमच्याकडे त्यांना काही कमी नव्हतं. त्या म्हणतील त्याला आम्ही मान डोलवायचो. तरी त्या कोमेजत चालल्या. शुक्रवारी चार वाजता, लाँड्रीतल्या बैठकीच्या वेळेला, खुर्ची ओढून बसायच्या. एकदा दोरीवरची चादर काढून तिची दोन टोकं धरून उभ्याच राहिल्या. मी धावत जाऊन समोरची टोकं धरली, पण मेळ जमेना.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "तिथे आम्ही न बोलता घडी घालायचो."

शेवटी एका शुक्रवारी रजा टाकून मी त्यांना लाँड्रीत घेऊन गेले. बसने दोन तास. वाफेने धुरकटलेल्या काचा, साबणाचा उग्र वास, आणि निम्मे चेहरे नवे. त्या दिवशी बैठकीत विषय होता एका हॉटेलच्या कामाचा. ते घ्यायचं तर रविवारीही यावं लागणार होतं. सासूबाईंचा हात आपसूक वर गेला.

"मावशी, तुम्हाला आता मत नाही देता येणार," चष्मेवाली अध्यक्षीण म्हणाली. "पण बोला ना."

"रविवार सोडू नका. आम्ही भांडून मिळवलाय तो."

"तुमच्या वेळी एकटा दवाखाना पुरायचा," एक धुणारी फटकन म्हणाली. "आता त्यांनी स्वतःची यंत्रं घेतलीत. हे काम सोडलं तर आमच्यातल्या तिघी घरी बसतील. कुठल्या तिघी, ते तुम्ही सांगा."

सासूबाईंनी तिला दोनदा उलट उत्तर दिलं. तिनेही ऐकून घेतलं नाही. मग हात वर झाले. हॉटेलच्या बाजूने नऊ, विरोधात दोन.

परतीच्या बसमध्ये मला वाटलं, त्यांच्या मनाला लागलं असणार.

"काय तोडून बोलली मला!" त्या म्हणाल्या. डोळे भरले होते आणि हसतही होत्या. "बरोबर होतं तिचं. घरी माझ्याशी कुणी असं भांडत नाही गं."

"मला नाही पटलं तिचं," मी म्हणाले. "रविवार सोडायला नको होता."

"तुला काय कळतं लाँड्रीतलं?" त्या कडाडल्या, आणि वाटभर मला समजावत राहिल्या. बोलता बोलता मधेच थांबून मागच्या काचेतून बघायच्या. लाँड्री कधीच दिसेनाशी झाली होती.