सॉ मिलच्या गल्लीच्या तोंडाशी

मी एक जुनी गाडी आहे. रस्त्यावरचा बर्फ ढकलणारी. पुढे माणसाच्या छातीइतके उंच पोलादी पाते, मागे वाळू आणि मिठाचा हौदा, मध्ये माझा चालक आर्लन टोकी. मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, माझ्यावर काही अन्याय झालेला नाही. गंजल्या गाडीचे रडगाणे ऐकायचे असेल तर भंगारवाल्याकडे जा. तिथे माझ्या बहिणी पुष्कळ आहेत.

कारखान्यातून आले तेव्हा मी नारिंगी होते, आणि इतकी चकचकीत की आर्लन माझ्या दारात बघून भांग पाडायचा. उत्तर मिनेसोटातल्या जिल्ह्याच्या चाकरीत मी बरीच वर्षे काढली. पहाटे निघायचे. तळ्याकाठचा रस्ता, शाळा, चर्च आणि सगळ्यात शेवटी सॉ मिलची गल्ली. तिथली लाकडे कापायची सॉ मिल केव्हाच बंद पडली होती. उरली होती चाकांवर आणून ठेवलेली पत्र्याची घरे आणि त्यांत राहणारी म्हातारी माणसे. गल्लीच्या पार आत मोकळी जागा होती, तिथे वळून मी परत यायचे. वर्ना हॉग्लुंड नावाच्या बाई खिडकीतून आम्हाला हात करायच्या. त्या शाळेच्या जेवणघरात वाढायला असत. आर्लनसकट अर्धे गाव त्यांच्या डावाखाली मोठे झाले होते.

मग आमच्या बर्चवेल गावाला शहर होण्याचे डोहाळे लागले. शेजारचे मोठे शहर आपल्याला गिळणार, त्याआधी आपणच शहर व्हावे, असे ठरले. त्यासाठी सह्या हव्या होत्या. वर्नाबाई दुखरे गुडघे घेऊन दारोदार फिरल्या. त्यांना नाही म्हणण्याची कोणाची छाती नव्हती. सह्या जमल्या, पण मतदानाच्या आधी नकाशात एक छोटासा बदल झाला. सॉ मिलच्या गल्लीतला रस्ता आणि सांडपाण्याचे नळ शहराला नव्याने घालावे लागले असते, म्हणून हद्दीची रेघ गल्लीच्या तोंडापर्यंत आली आणि तिथून वळली. वर्नाबाई मत द्यायला गेल्या तेव्हा त्यांना सांगण्यात आले की तुम्ही हद्दीबाहेरच्या. गरज सरो, वैद्य मरो. बर्चवेल शहर मात्र झाले.

शहराने मला जिल्ह्याकडून विकत घेतले, निळा रंग दिला आणि दारावर शिक्का मारला. मला खरेच अभिमान वाटला होता, खोटे कशाला बोलू? नव्या शहराला सभागृह नव्हते, त्यामुळे नगरसभा माझ्याच शेडमध्ये भरायची. माझ्या पात्यासमोर खुर्च्या मांडत, बाजूला कॉफीची किटली ठेवत. बर्चवेलची एकही सभा मी चुकवलेली नाही, आणि नगरसेवकांसारखी कधी डुलकीही काढलेली नाही.

पहिल्या हिवाळ्यात आर्लन सवयीने गल्लीत शिरायचा. वळायला जागा तिथेच होती, आणि जाता जाता गल्ली साफ व्हायची. एका दक्ष नागरिकाने खिडकीतून आमचे चित्रण केले आणि आपल्या पैशाने परक्यांचे रस्ते साफ होतात म्हणून तक्रार केली. सभा बोलावली गेली. वर्नाबाईसुद्धा आल्या, सफरचंदाचा केक घेऊन. त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली होती. आठवड्यातून तीनदा दवाखान्याची व्हॅन त्यांना डायलिसिससाठी न्यायला यायची. गल्ली बंद म्हणजे व्हॅन बंद, आणि व्हॅन बंद म्हणजे काय, ते सगळ्यांना ठाऊक होते. जिल्ह्याची गाडी यायची, पण तिचा तळ इतका लांब की ती वादळानंतर दोन-दोन दिवस फिरकत नसे.

नगराध्यक्षा ग्लेनिस रॉथ स्वभावाने प्रेमळ. केकचा तुकडा बशीत घेऊनच त्या बोलल्या.

"वर्ना, तू आम्हाला घरचीच आहेस गं. पण आज तुझी गल्ली केली, तर उद्या सगळा जिल्हा दारात येऊन उभा राहील. हद्द म्हणजे हद्द."

बाहेरच्यांनी मतदानानंतर बोलायचे, असा सभेचा नियम होता. हात वर झाले. सगळ्यांचे. काहींच्या बोटांना केकचा चुरा चिकटलेला होता. मग नगराध्यक्षांनी अगदी अदबीने वर्नाबाईंना बोलायला सांगितले.

"आता काय बोलू? डबा तेवढा रिकामा करून द्या. मला घरी जायचंय."

सगळे हसले. वर्नाबाईंचा स्वभाव विनोदी आहे, असे म्हणाले. आर्लन माझ्या चाकाला टेकून उभा होता, तो बूट बघत राहिला.

त्यानंतर माझ्या पात्याला एक यंत्र बसवले. पाते कुठे खाली होते, कुठे वर, ते शहराच्या कार्यालयात दिसायचे. आता हद्दीच्या पाटीपाशी पाते उचलायचे आणि तिथल्या तिथे मागे-पुढे करत वळायचे. अशा वळण्यात माझ्या पुढचा सगळा बर्फ गल्लीच्या तोंडाशीच पडतो. रात्रीत गोठला की त्याचा कट्टा होतो. म्हणजे आधी आम्ही गल्ली उघडत होतो, आता बुजवू लागलो. आणि मित्रांनो, वळायच्या या कसरतीला गल्ली साफ करण्याहून जास्त वेळ लागायचा. त्याबद्दल कोणाची तक्रार आली नाही.

जानेवारीत मोठे वादळ आले. मंगळवारी वर्नाबाईंची व्हॅन येऊ शकली नाही. गुरुवारी पहाटे आम्ही पाटीपाशी पोचलो, तर कट्ट्यापलीकडे त्या फावडे घेऊन उभ्या. चेहरा सुजलेला, श्वास लागलेला. शेजारची म्हातारी मंडळी खणून खणून थकून घरात गेली होती. आर्लनने काच खाली केली.

"घे ना रे पातं खाली. व्हॅन येतेय तासाभरात."

"मिसेस हॉग्लुंड, ते यंत्र बसवलंय. कार्यालयात दिसतं सगळं. नोकरी जाईल माझी."

"मंगळवार चुकलाय माझा, आर्लन."

"जिल्ह्याला कळवलंय मी. येतीलच ते."

त्यांनी फावडे बर्फात रोवले.

"दुसऱ्यांदा वाढून मागायचास तू. मुलामागे एकदाच वाढायचं, असा नियम होता तेव्हा. मी कधी दाखवला का रे तुला?"

आर्लनने काच वर केली. मग त्याने गाडी मागे घेतली. मी मागे झाले, पुढे झाले, वळले आणि वळता वळता आणखी एक ढीग त्यांच्यापुढे लोटला. मला तसे करायचे नव्हते, असे म्हणून काही होत नाही. लोटला तो मीच.

दुसऱ्या फेरीला आलो तेव्हा व्हॅन कट्ट्याच्या अलीकडे उभी होती. व्हॅनवाला भोंगा वाजवत होता, बाई पलीकडून चढू बघत होत्या आणि गुडघे साथ देत नव्हते. मागच्या सीटवर आणखी दोन रोगी बसलेले होते. व्हॅनवाल्याने हात जोडले आणि तो निघून गेला. आर्लनने गाडी थांबवलीसुद्धा नाही. शुक्रवारी संध्याकाळी रुग्णवाहिकेची माणसे तो कट्टा चढून आत गेली, आणि वर्नाबाईंना पांघरुणाने झाकून त्याच कट्ट्यावरून बाहेर घेऊन आली.

आता अडचण अशी झाली की चर्चची दफनभूमी त्या गल्लीच्या पलीकडे, हद्दीबाहेर. मेलेले कर भरत नाहीत, म्हणून नकाशात कोणी त्यांनाही घेतले नव्हते. वादळ मोठे, त्यामुळे जिल्ह्याची गाडी या वेळी अजूनही उगवली नव्हती. वर्नाबाईंवर सगळ्यांचा जीव, तेव्हा सगळे शहर दफनाला जाणार, आणि नागरिकांच्या मोटारी बर्फात अडकून कसे चालेल? रविवारी माझ्या शेडमध्ये तातडीची सभा भरली. ग्लेनिसबाईंनीच ठराव मांडला: पाते गल्लीत खाली करावे, फक्त या एका दिवसापुरते. हात वर झाले. सगळ्यांचे.

सोमवारी आर्लनने पाटीपाशी पाते खाली केले. मी गल्ली अशी खरवडली की काळा डांबरी रस्ता दिसू लागला. बायकांचे बूट घसरू नयेत म्हणून आम्ही वर वाळू टाकली, मीठ टाकले. पत्र्याच्या घरांतली म्हातारी माणसे दारात उभी राहून बघत होती. दफनभूमीत ग्लेनिसबाई रडल्या, आणि ते रडणे खोटे नव्हते. आज बर्चवेल खऱ्या अर्थाने शहर झाले, असे त्या म्हणाल्या. लोकांनी आर्लनची पाठ थोपटली. मंगळवारी पुन्हा बर्फ पडला आणि पाटीपाशी आम्ही पाते उचलले.

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी गाडीने सांगायचे असते की माझी काळजी घ्या, मला तेल द्या, मला पावसात टाकू नका. मला तसे सांगायचे कारण नाही. रोज संध्याकाळी माझ्या अंगावरचे मीठ कोमट पाण्याने धुतात. शेडमध्ये हिवाळाभर ऊब असते. माझ्यासारखीला जपणारी माणसे जगात पुष्कळ आहेत. तुम्ही मोठे झालात आणि तुमच्यापैकी कोणाच्या हाती असे पाते आले, तर ते खाली घेणे फार अवघड असते, असे तुम्हाला शहाणी माणसे सांगतील. मला विचारा. चालकाच्या उजव्या हाताशी एक लहानशी दांडी असते. ती दोन बोटांनी पुढे ढकलायची, बस.