लागू नसेल ते खोडा

"हा रकाना तसाच राहिलाय, काका," खिडकीतल्या बाई म्हणाल्या आणि फॉर्म काचेखालून माझ्याकडे परत सरकवला. त्या आठवड्यातली ही तिसरी वेळ.

मी चष्मा शोधायचं सोंग केलं. चष्मा नाकावरच होता.

"कुठला रकाना?"

"हा काय. जोडीदाराचं नाव लिहिलंत, पुढे काहीच केलं नाहीत. हयात, मयत. लागू नसेल ते खोडा, असं छापलंय बघा. एक रेघ मारायची फक्त. तेवढ्यासाठी तीन महिने पेन्शन अडकवून घेतलीत."

मागच्या रांगेतलं कुणीतरी खाकरलं. पेन नाही म्हणालो, तर बाईंनी स्वतःचं पेन पुढे केलं. ते हातात धरून मी उगाच त्याचं टोपण उघडलं, मिटलं.

"आणि काकू कुठायत? दरवर्षी तुमचा हयातीचा दाखला त्याच भरून आणतात ना? आम्ही त्यांना तारीखबाई म्हणतो, माहितीये का? एक नोव्हेंबर, सकाळी दहा, पहिला नंबर त्यांचा. यंदा काय झालं?"

"गुडघे दुखतात तिचे," मी म्हणालो.

"मग 'मयत' खोडा आणि द्या की. एका मिनिटाचं काम."

मी पेन परत दिलं, फॉर्मची घडी करून खिशात घातली आणि उद्या येतो म्हणून बाहेर पडलो. पायऱ्या उतरताना माझे गुडघे खरोखरच दुखत होते.

मी पाणीपुरवठा खात्यातला पंप मेकॅनिक. छत्तीस वर्षं नोकरी केली. बंद पडलेला पंप मी कधी दुरुस्त न करता सोडला नाही, हे छाती फुगवून सांगतो. पण कागद दिसला की माझी पाचावर धारण बसते. निवृत्तीच्या दिवशी खात्यानं माझ्या हातात एक भिंतीवरचं घड्याळ आणि एक जाडजूड फाइल ठेवली. घड्याळ मी घेतलं, फाइल हिनं.

ही सातवी शिकलेली. पहिले सहा महिने दुपारचं जेवण आटोपलं की ती फाइल उघडून बसायची. न कळलेल्या शब्दाखाली पेन्सिलनं रेघ मारायची आणि दुसऱ्या दिवशी पेन्शन कार्यालयात जाऊन त्याचा अर्थ विचारून यायची. तिथं धड उत्तर मिळालं नाही, तर भिंतीवर चिकटवलेलं परिपत्रक उभ्याउभ्या वहीत उतरवून आणायची. मी चेष्टा करायचो.

"काय साहेब, आज काय हुकूम?"

"हुकूम एकच. सही करा. इथं."

आणि तिचं बोट कागदावर टेकायचं. भांडी घासून नखं झिजलेलं, जरा वाकडं बोट. मी त्याच्या शेजारी सही ठोकायचो. वीस वर्षांत मी एकही कागद वाचला नाही. बोट होतं ना, वाचायचं कशाला?

निवृत्त होताना पेन्शनीचा काही भाग आम्ही विकला होता. म्हणजे एकरकमी पैसे उचलले आणि दर महिन्याची तेवढी रक्कम सोडून दिली. त्यातून घराचं उरलेलं कर्ज फिटलं. हा विकलेला भाग पंधरा वर्षांनी परत सुरू होतो, हे मी पार विसरलो होतो. कार्यालयही विसरलं होतं. ही विसरली नाही. पंधरा वर्षं भरली त्याच्या दुसऱ्या दिवशी ही वही घेऊन खिडकीशी उभी.

"कालपासून सुरू व्हायला हवी होती," ती म्हणाली.

तेव्हा खिडकीत एक साहेब बसायचे. बघू, करू, वर पाठवू, अशी त्यांनी भरपूर टोलवाटोलवी केली. ही दर सोमवारी जात राहिली. पाच महिने. मी पिशवी धरून मागे. तिनं आवाज चढवला नाही की हातही जोडले नाहीत. शेवटी एकदा म्हणाली, "मी उपकार मागत नाही, साहेब. ह्यांनी कंबरभर पाण्यात उभं राहून मिळवलंय ते."

माझ्या छत्तीस वर्षांबद्दल इतकं चांगलं कुणीच बोललं नव्हतं. निरोपसमारंभातसुद्धा नाही.

थकलेले पैसे एकदम आले आणि त्या वर्षी आमचं उत्पन्न कराच्या मर्यादेपलीकडे गेलं. ही कराचा कागद भरत होती. पोस्टात आमची एक छोटी ठेव होती, तिचं व्याज म्हणजे अगदीच किरकोळ. मी म्हटलं, "हे कशाला दाखवतेस? कोण बघतंय?"

"मी बघतेय," ती म्हणाली आणि आकडा लिहिला.

मग वयस्करांना मिळणारी एकूण एक सवलतही तिनं तितक्याच कडकपणे वजा केली. औषधांची पावती एक दिवस सापडेना, तर सगळं घर खाली-वर केलं. "द्यायचं ते देऊ, घ्यायचं ते घेऊ. मध्ये लाजायचं कशाला?" हा तिचा हिशोब. त्या वर्षी भरलेल्या कराची पावती तिनं वहीत अशी चिकटवली होती, की बघणाऱ्याला वाटावं आम्हाला बक्षीसच मिळालं.

अशी बाई ऑगस्टमध्ये तीन दिवसांच्या तापानं गेली. मी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, रक्तदाबाचा, एकदा झटका येऊन गेलेला. ती माझ्याहून सहा वर्षांनी लहान. आमच्या घरी आधी कोण जाणार हे ठरलेलंच होतं. तिनं मला तोंडघशी पाडलं.

त्या दिवशी घरी पोचलो तर फोन वाजत होता. लेक.

"बाबा, खरं सांगा. पेन्शन आली का?"

"त्यांचे कॉम्प्युटर बंद आहेत."

"तीन महिने? बाबा, मी काही लहान आहे का?" मग तिचा आवाज मऊ झाला, आणि मऊ झाला की मला भीती वाटते. "मी रविवारी येतेय. घर बंद करू, तुम्ही इकडेच चला. हे सगळं आई बघत होती. तुम्हाला नाही जमत ते, त्यात काय एवढं?"

जमत नव्हतंच. फोन ठेवला आणि भोवती बघत राहिलो. दाराची सैल कडी, तिनं तारखांवर गोल करून ठेवलेलं कॅलेंडर, खिडकीपाशी तिची खुर्ची. रविवारनंतर ह्या सगळ्याला कुलूप.

टेबलावर फॉर्म पसरला. तिचं नाव माझ्याच अक्षरात, आणि पुढे दोन शब्द. 'मयत' खोडायचं आणि देऊन टाकायचं. खोटं खरं, पण लगेच कुणी तपासायला येणार होतं थोडंच? पेन्शन सुरू झाली असती, घर राहिलं असतं. आणि निदान त्या एका कागदावर तरी ती राहिली असती. मुळात तेवढ्यासाठीच मी नोव्हेंबरपासून त्या आठवड्यापर्यंत कार्यालयाकडे फिरकलो नव्हतो. तिच्या नावापुढचं 'हयात' माझ्या हातानं खोडायचं अगदी जिवावर आलं होतं. आता मी पेन 'मयत'वर टेकवलंही. कोण बघतंय, असं मनात आलं मात्र, आणि मी पेन उचललं.

मग तिची फाइल काढली. तिच्या कुठल्या तरी कागदात ह्यावर तोड असेल अशी वेडी आशा होती. फाइलीला कप्पे होते आणि प्रत्येक कप्प्यावर चिठ्ठी. जन्मतारखेचे पुरावे. ठेवी. कराच्या पावत्या. शेवटच्या कप्प्यावर लिहिलं होतं, 'मृत्यूचा दाखला, ह्यांचा. पाच प्रती.' कप्पा रिकामा.

मागे तिची वही होती. त्यात एका पानाला मथळा, 'हे गेल्यावर'.

बाईनं माझ्या मरणाची जय्यत तयारी करून ठेवली होती! मला आधी रागच आला. मी शेजारच्या खोलीत घोरत असताना ही इथं बसून हे उद्योग करत होती तर. पण वाचत गेलो. 'पहिल्या आठवड्यात पेन्शन कार्यालयाला कळवणे. लपवायचे नाही. फॅमिली पेन्शनचा अर्ज करणे, माझे नाव नोंदले आहे, समक्ष जाऊन खात्री केली. ठेवींवरची नावे बदलणे. लेकीकडे लगेच जायचे नाही, आपल्या घरात एक वर्ष राहून बघायचे. रडायचे ते कामे झाल्यावर.'

पानाच्या तळाशी, वेगळ्या शाईत, अलीकडे लिहिलेलं होतं, 'ऐंशी पूर्ण झाल्यावर ह्यांची पेन्शन वाढते. जन्मतारीख तपासली, बरोबर आहे. तोवर ह्यांना जगवणे.'

त्याखाली माझ्या गोळ्यांच्या वेळा होत्या.

कामं व्हायची होती, तरी मी आधीच रडलो. खूप रडलो. मग तोंड धुतलं, सकाळची चुकलेली गोळी घेतली आणि कपाटातून तिचा दाखला काढला. ऑगस्टमध्ये लेकीनं आणून ठेवला होता, त्याला मी हातही लावला नव्हता. कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन त्याच्या प्रती काढल्या. पाच. त्या रिकाम्या कप्प्यात ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला पहिला नंबर माझा होता.

"आज काय, काका, पेन आणलंय ना?" बाई हसून म्हणाल्या.

"आणलंय."

मी फॉर्म काउंटरवर ठेवला आणि त्यांच्यासमोर तिच्या नावापुढचं 'हयात' खोडलं. रेघ सरळ आली नाही. फॉर्म आत सरकवला. बाईंचं हसू गेलं. त्या फॉर्मकडे, मग माझ्याकडे बघत राहिल्या.

"कधी?"

"ऑगस्टमध्ये. काल गुडघ्यांचं खोटं सांगितलं. चुकलं माझं."

"दाखला लागेल, काका," त्या अगदी हळू म्हणाल्या.

मी फाइल उघडून पुढे धरली. त्यांनी कप्प्यातली एक प्रत काढली, आणि त्यांची नजर चिठ्ठीवर गेली.

"ह्याच्यावर तर 'ह्यांचा' लिहिलंय."

"जागा तिनं माझ्यासाठी केली होती."

बाईंनी चष्मा काढून पुसला. "इथं नवीन होते तेव्हा माझ्याकडून एक नियम चुकीचा सांगितला गेला होता," त्या म्हणाल्या. "काकूंनी वहीतून परिपत्रकाचा नंबर काढून दाखवला. सगळ्यांसमोर नाही, जेवणाच्या सुट्टीत. तो नंबर अजून माझ्या खणात चिकटवलाय." मग त्या कामाला लागल्या. थकलेले तीन महिने पुढच्या पेन्शनीबरोबर येतील म्हणाल्या. बँकेतही एक प्रत द्या, एप्रिलमध्ये ठेवींचा कराचा फॉर्म विसरू नका म्हणाल्या. मी ते तिच्या वहीत, तिच्या अक्षराखाली लिहून घेतलं. रविवारी लेक आली की तिला ते पान दाखवायचं, चहा पाजायचा आणि एकटीलाच परत पाठवायचं, हे तिथंच ठरवलं.

"आता खाली सही, काका," म्हणत फॉर्म माझ्याकडे सरकवून बाई शिक्का आणायला उठल्या.

मी पहिल्यांदाच तो कागद वाचला. माझ्या नावापुढे छापलं होतं, की ही व्यक्ती आज रोजी हयात आहे.

"कुठे?" मी सवयीनं विचारलं. बाई कपाटापाशी होत्या, त्यांना ऐकू गेलं नाही.

मी डाव्या हाताचं बोट त्या ओळीखाली टेकवलं आणि त्याच्या शेजारी सही केली.