पडद्यातली गाय

साळूबाईनं दाभणानं पोत्याला पोतं शिवलं आणि तो पडदा गोठ्याच्या दाराला खिळ्यांनी ठोकला. मग अंगणात मागं सरून कुठं फट दिसते का ते पाहिलं. उजव्या बाजूला जरा दिसत होती, तिथं तिनं आपलं जुनं लुगडं कोंबलं. आत जर्सी गाय जीभ बाहेर काढून धापत होती. पण बाहेरून कोणाला दिसत नव्हती, आणि साळूबाईला तेवढंच हवं होतं.

गाय व्याली तेव्हा चरवी भरून फेस वर यायचा. यंदा फाल्गुनातच वैशाखाचं ऊन पडलं. होळी पेटवून लोक म्हणायचे, थंडी गेली. यंदा होळीच्या आधीच अंगणात पाय भाजत होते. दूध उतरत उतरत चरवीच्या तळाशी आलं. पुंजाराम, साळूबाईचा नवरा, म्हणाला होता, येत्या बाजारी हिला भोकरदनला नेऊन विकतो. साळूबाईला तेव्हापासून अन्न गोड लागेना. कालवड होती तेव्हापासून तिनं ती हातानं भरवून वाढवली होती.

दूध का आटलं, हे तिच्या मते उघड होतं. नजर. आणि कोणाची, तेही. वाटणीत अंगणातला कडुलिंब थोरल्या जावेकडं, गिरिजाबाईकडं गेला होता, तरी गाय त्याच्याखालीच असायची. एकदा धार काढताना गिरिजाबाई जवळ येऊन म्हणाली, केवढं दूध देती गं ही. झालं. कौतुकच ते, पण संशयाला तेवढंही पुरतं. साळूबाईनं मिरच्या-मोहऱ्या गाईवरून उतरवून चुलीत टाकल्या. ठसका आला नाही. ठसका नाही म्हणजे नजर जबर, हे शेंबडं पोरही सांगेल. तिनं गाय लिंबाखालून सोडून पत्र्याच्या गोठ्यात नेली, आणि का नेली ते जावेला ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगितलं. तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद होतं.

जनावरांच्या डॉक्टरनं पुंजारामला सांगितलं होतं की हे थंड मुलखाचं वाण, गार सावलीत बांधा, पाणी मारा. साळूबाईनं ते उडवून लावलं. पत्र्याखाली सावलीच नाही तर काय आहे, असा तिचा सवाल होता.

पडदा लागला तरी दूध वाढेना. उलट गाईनं वैरण सोडली. साळूबाईला एका जागी बसवेना. ज्वारी निवडायला घ्यायची, सूप तसंच टाकून उठायची. पडदा उचलून आत डोकवायची, तोंडावर वाफ आली की चटकन सोडायची, कोणी पाहील म्हणून.

बाजाराच्या आदल्या दिवशी भर दुपारी ती शेतातून कडब्याची पेंढी घेऊन आली, तर पडदा फाटून खाली पडलेला आणि गोठा रिकामा. पुंजारामनं आजच नेली की काय, या धास्तीनं ती पेंढीसकट गर्रकन वळली.

मग तिला गाय दिसली. लिंबाखाली उभी होती, तुटलेलं दावं गळ्यात लोंबत होतं. आणि गिरिजाबाई बादलीतलं पाणी तांब्यानं तिच्या पाठीवर ओतत होती. हापसा दुपारी कोरडाच असे. म्हणजे हे पाणी घरातल्या रांजणातलं, प्यायचं.

साळूबाईनं ओरडायला तोंड उघडलं, आणि ते उघडंच राहिलं. गिरिजाबाईनं पदर पार हनुवटीपर्यंत ओढला होता. वर मानही भिंतीकडं वळवलेली. एका हातानं गाईची पाठ चाचपत ती दुसऱ्या हातानं पाणी ओतत होती.

पावलं वाजली तशी ती थांबली.

"साळू का?" ती पदराआडून म्हणाली. "दावं तोडून आपल्या पायानं आली गं. लई धापून राह्यली व्हती. म्या न्हाई पाहिलं तिच्याकडं."

साळूबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं पेंढी खाली ठेवली. गळ्यातलं दावं ओढून लिंबाच्या बुंध्याला गाठ मारली आणि ती दोनदा आवळली. उद्या पुंजारामला काय सांगायचं, तेही तिनं गाठ मारतानाच ठरवलं. जावेला काय सांगायचं, ते मात्र सुचेना. गाईची पाठ अर्धी भिजली होती, अर्धी कोरडी होती.

"बाई," ती शेवटी म्हणाली, "निम्मं पाणी खालीच सांडून राह्यलं. बघून टाका."