दांदालुंडाची आठ अंडी

"पुन्हा फुटलं! अंडी आहेत की वैरिणी?"

पांढऱ्यावर खळगा पडलेले उकडलेले अंडे वाल्देलीसने बाजूच्या थाळीत आदळले. त्या थाळीत आता अशी सात जमली होती. देवीच्या परातीत एकही नव्हते. कशोएरा गावातल्या नदीकाठच्या त्या देवस्थानात, गोड्या पाण्याची आणि भरल्या कुशीची देवी दांदालुंडा हिचा नैवेद्य गेली एकतीस वर्षे तिची मकोटा, म्हणजे मानाची सेविका, वाल्देलीसच रांधत होती. चवळी, कांदा, सोडे आणि पामतेल यांचे प्रमाण चुकले, तर देवी कदाचित क्षमा करील; परंतु वर मांडायची आठ अंडी अक्षतच हवीत, आणि ती रांधणारीनेच सोलायची, याला अपवाद नव्हता.

"ताजी आणलीस ना?" नऊ वर्षे तिथे भांडी घासणाऱ्या इवोनेतीवर ती उखडली. "ताज्याचं कवच सुटत नाही, हे किती वेळा सांगायचं?"

"मकोटा, गेल्या शनिवारची आहेत. तुमच्यासमोरच टोपलीत ठेवली. तेव्हा टोपलीवरून ओरडलात."

"टोपली चुकीचीच होती! मग पाणी नीट उकळलं नसेल."

"पाणी तुम्हीच ठेवलंत."

"जीभ फार चालते तुझी. एवढं कळतंय तर सोलून दाखव एक!"

शब्द तोंडातून गेला तो गेला. इवोनेतीने हात धुतले, एक अंडे उचलून ओट्यावर हलकेच टिचवले आणि पाण्यात धरले. कवच दोन तुकड्यांत निघून आले. अंडे नितळ, निर्व्रण.

अंगणात कुणीतरी हातांनी ढोल जुळवून पाहत होते.

"हे एखादं जुनं असेल," इवोनेती घाईने म्हणाली. "बाकीची ताजीच असणार. माझीच चूक, मकोटा."

"खोटं बोलू नकोस. निदान तिच्या नैवेद्यापाशी तरी नको."

वाल्देलीसने उजवा हात डाव्याने दाबून धरला. बोटे थरथरतच राहिली. मग ती स्टुलावरून उठली.

"बस इथं. आणि घाई केलीस तर याद राख."

"पण मग चवळी कोण ढवळणार?"

"जी सोलते ती. नियम ठाऊक नाही का तुला? नऊ वर्षं काय केलंस इथं?"

इवोनेती स्टुलावर बसली. वाल्देलीसने तिच्या हाती लाकडी पळी दिली, मागल्या दाराशी जाऊन बादली ओढली आणि खरकट्या भांड्यांच्या ढिगापुढे बसली. एक पातेले मांडीशी टेकवून तिने ते घासायला घेतले. त्या कामात हाताची थरथर कुणाच्या लक्षात येण्यासारखी नव्हती.