शंभर किलोमीटरला किती

बोरीच्या एका दूध संघात ड्रायव्हरची पत ॲव्हरेजवर ठरायची. आपली गाडी लिटरला किती जाते हे लोक पोराचे मार्क सांगावेत तसं सांगत. आता संघाची नवी गाडी यायची होती आणि जुन्या दोन गाड्यांपैकी एक विकायची होती. सचिव दिनकररावांनी निवाडा सोपा करून टाकला. वर्षभरात जिचं ॲव्हरेज कमी वाढलं ती विकायची. फळ्यावर खडूनं आकडे आले. पप्पूची जीप लिटरला सोळा जायची ती वीस जाऊ लागली, वाढ चार. आश्रुबाचा टेम्पो सहा जायचा तो आठ जाऊ लागला, वाढ दोन.

आश्रुबाला तो दोनाचा आकडा फार झोंबला. बावीस वर्षं तो टेम्पो त्याच्या हाती होता आणि तो विकला जाणार ही कल्पनाच त्याला सोसत नव्हती. शिवाय ते दोन काही आभाळातून पडले नव्हते. जाताना वाटेतल्या गावांचं दूध भरत जायची जुनी रीत त्यानं मोडली. शेवटच्या गावापर्यंत रिकामं जायचं आणि येताना भरत यायचं, म्हणजे ओझं अर्ध्याच वाटेला. कॅन चढेपर्यंत इंजिन बंद. चाकांत रोज सकाळी हवा बघायची. एवढी मरमर करून पदरात काय, तर दोन.

दुपारी जेवताना त्यानं हे बायकोपुढं काढलं. सत्यशीला शाळेत खिचडी शिजवायची. मापाच्या बाबतीत तिला शिकवायला जायची कुणाची टाप नव्हती.

"अवं, किलोभर तांदळात किती पोरं जेवली असं मला कुणी इचारत न्हाई," ती म्हणाली. "शंभर पोरांला तांदूळ किती लागला, ते इचारतेत. पोत्यातलं किती गेलं ते तवाच कळतंय. तुमचा फेरा केवढा हाय?"

"शंभर किलोमीटर. पप्पूचाबी तेवढाच."

"मग शंभराला डिझेल किती लागतंय ते बघा की."

आश्रुबा हात धुऊन तडक संघात गेला.

"साहेब, लिटरला किती जाते ते ऱ्हाऊ द्या. शंभर किलोमीटरला किती लिटर लागतंय ते लिवा."

"एकच की ते आश्रुबा. हिकडून मोजलं काय अन् तिकडून मोजलं काय," दिनकरराव म्हणाले. पण माणूस सरळ. त्यांनी फळा पुसला आणि मोबाइलवर भागाकार केले. जीपला आधी सव्वासहा लिटर लागायचं, आता पाच. वाचलं सव्वा. टेम्पोला आधी साडेसोळाच्या वर लागायचं, आता साडेबारा. वाचलं चारच्याही वर. त्यांनी पुन्हा करून पाहिलं, आकडा तोच आला.

"काका, लय मागं टाकलं तुमी मला," पप्पू मोकळेपणानं म्हणाला. आश्रुबाची छाती फुगली. त्यानं सगळ्यांना चहा सांगितला.

चहा आला तरी दिनकरराव फळ्यापुढून हलले नव्हते.

"आश्रुबा, जीप पाच पिती अन् टेम्पो अजून साडेबारा," ते हळूच म्हणाले. "नवी गाडी तुमच्या टेम्पोएवढेच कॅन नेती, अन् शंभराला आठ. आता तुमीच सांगा, कोणती विकू?"

आश्रुबानं फळ्याकडं पाहिलं. आठ आणि वीस लिहिलेलं असताना टेम्पो नुसता मागं पडलेला दिसायचा. आता टेम्पोनं रोज किती डिझेल पोटात घातलं ते उघडं लिहिलेलं होतं. जीप विका, असं खोटं सांगावंसं आश्रुबाला फार वाटलं. पण हे माप त्यानंच मागून घेतलं होतं.

"टेम्पो विका," तो म्हणाला.

"नवी गाडी तुमच्याच हाती देतो," दिनकरराव लगेच म्हणाले. आश्रुबानं मान हलवली, पण त्याला काही गोड लागेना. दुपारच्या फेऱ्याची वेळ झाली होती. तो टेम्पोत जाऊन बसला, आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा त्याला किल्ली फिरवायची लाज वाटली.