दोरीवरचा हात

...कट् असा आवाज झाला आणि बकल बसलं. काळं, प्लॅस्टिकचं, अंगठ्याएवढं बकल – आणि ते लावताना त्याने खाली पाहिलंसुद्धा नव्हतं. बाकीचे अजून लाइफ जॅकेट उलटसुलट करून डोकं कुठून घालायचं ते शोधत होते. सहलीतल्या निवृत्त शिक्षिका तर एका बाहीच्या भोकात अडकून सुनेला हाका मारत होत्या. आणि याने मात्र खालचा पट्टा आधी, मग मधला, मग वरचा असे तिन्ही खेचून उरलेली टोकं आत खोचून टाकली होती. टोकं खोचायची असतात हे गाइडने अजून सांगितलंच नव्हतं. ते गाइडने सांगितलं पाच मिनिटांनी – पट्टा लोंबता राहिला की दगडात अडकतो, म्हणून. ती ऐकत होती आणि नवऱ्याच्या कमरेकडे पाहत होती.

पाहणं हा तिचा धंदाच होता. कपड्यांच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलाशी ती अकरा वर्षं उभी होती. लहान मुलांचे फ्रॉक आणि शर्ट दिवसाला साडेचारशे नग तिच्या हाताखालून जात, आणि सुटलेला टाका तिला शोधावा लागत नसे, तो आपणहून डोळ्यांत येऊन बसे. कारखान्यात तिला सगळे 'भिंग' म्हणत, तेही तोंडावर, आणि तिला ते आवडे. घरी मात्र भिंग बंद ठेवायचं, असा नियम लग्नानंतर तिने स्वतःलाच घालून घेतला होता. चौदा वर्षं पाळला. म्हणजे एप्रिलपर्यंत.

एप्रिलमध्ये तो दोन दिवस प्रशिक्षणाला गेला होता. औषधांच्या दुकानात काउंटरमागे उभा राहणारा माणूस. कंपनी बोलावते, नव्या गोळ्यांची माहिती देते, जेवू घालते. हॉटेलचा हॉल होता, नऊ ते सहा बसवून ठेवलं, एसीने नुसती सर्दी झाली – एवढं सगळं त्याने न विचारता सांगितलं. आणि त्याचं नाक सोललं होतं. नाकावरचं सालपट निघत होतं, हात कोपरापासून खाली तांबडेलाल... बंद हॉलमध्ये बसून माणूस भाजतो का? तिने विचारलं होतं, भाजी चिरता चिरता, सहज वाटावं म्हणून. तो म्हणाला, जेवण गच्चीवर होतं. ती म्हणाली, बरं. कुठेतरी पाणी मुरतंय हे तिला तेव्हाच कळलं होतं. पण त्या 'बरं'मध्ये तिचाही स्वार्थ होता. खोदून विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, आणि त्या उत्तराचं पुढे काय करायचं? सदोष फ्रॉकला लाल चिकटपट्टी लावून तो बाजूच्या खोक्यात टाकता येतो. नवऱ्याला कुठे टाकणार?

आणि मग ही सहल. समुद्रावर गेलं तर घोट्याच्या वर पाणी येऊ न देणारा, लग्नानंतरच्या पहिल्या प्रवासात सगळा वेळ तिच्या चपला राखत वाळूत बसलेला हा माणूस एके दिवशी जेवताना म्हणाला, आपण तंबूत राहायला जाऊ, दोन दिवस, नदीवर राफ्टिंगही असतं. आपण कुठे जातच नाही, ही तक्रार तिनेच वर्षानुवर्षं केली होती. तिला आनंद झाला. अर्धा तास टिकला.

काल संध्याकाळी इथे पोचल्यावर त्याने तंबूची पहिली जागा नाकारली. तिथे पहाटे खालून ओल चढते, म्हणाला. तुला कसं माहीत? असं ती विचारणार होती, पण तो तोवर खुंट्या ठोकायला लागला होता, एकही वाकडी न जाऊ देता. आज सकाळी छावणीच्या आचाऱ्याने चहाचे दोन पेले आणले – तिचा साखरेचा, नवऱ्याचा बिनसाखरेचा. न विचारता. तिने पेल्यावरून वर पाहिलं तर तो घाईने म्हणाला, अगं, फॉर्मवर लिहिलं होतं मी. प्रश्नाच्या आधी उत्तर! दोघांचे फॉर्म त्यानेच भरले होते. आणि तिला अर्धाच चमचा लागतो, हे मात्र लिहिलं नव्हतं. पेल्यात नुसता पाक होता. तिने तो मुकाट्याने पिऊन टाकला... आला होता हा इथे. पण कुणाबरोबर? दुकानातली ती नवी मुलगी, जिचं नाव आधी दर दोन वाक्यांनी यायचं आणि आता अजिबात येईनासं झालंय, तिच्याबरोबर? की जिचं नाव मी कधी ऐकलंच नाही अशी कुणी?

गाइड काठावर उभा राहून समजावत होता. रबरी राफ्टच्या कडेने दोरी गुंफलेली आहे, लाटेत ती सोडायची नाही. पडलात तर पाय वर, तोंड आकाशाकडे. पडलेल्या माणसाला वर ओढायची घाई तुम्ही करू नका, ते काम माझं, तुम्ही फक्त वल्हं पुढे करा. तिने शब्दन् शब्द लक्षात ठेवला. पुढे कधी तरी पुरावा म्हणून लागेल, असा विचारही मनाला शिवून गेला, आणि तिची तिलाच लाज वाटली.

खडकांवरून उसळत जाणाऱ्या पाण्याच्या पहिल्या दोन धारांना मजा आली, हे कबूल करायलाच हवं. गार पाणी सपकन तोंडावर बसलं आणि ती खदखदून हसली. शेजारी तोही हसत होता, भिजलेला, केस कपाळावर चिकटलेले, एकदम पंचविशीतला. तिला वाटलं, मरू दे ते नाक, मरू दे तो चहा. तेवढ्यात तिची नजर खाली गेली. त्याचा उजवा पाय राफ्टच्या फुगवट्याखाली घट्ट रुतवलेला होता, अगदी गाइडसारखा – आणि तिचं हसू थांबलं. असाच हसला असेल. इथेच. तिच्याशी.

तिसऱ्या धारेला गाइड लोक 'धोबी' म्हणत, कारण ती माणसाला आपटून काढते. राफ्टचं तोंड वर उचललं गेलं, शिक्षिकाबाईंनी डोळे मिटून घेतले, गाइड ओरडला, दोरी धरा... तिने धरली होती. चांगली घट्ट धरली होती. आणि मग...

मग सगळं हिरवं झालं. वर कुठे, खाली कुठे कळेना. कानांत नुसता घुमारा. ती पोहणारी होती, शाळेत बक्षिसं मिळवलेली, पण हे पाणी पोहू देणारं नव्हतं. डोकं वर आलं तेव्हा राफ्ट हाताच्या अंतरावर होती आणि त्याचा चेहरा अगदी समोर. त्याने दोन्ही खांद्यांवरचे पट्टे पकडले आणि तिला खाली दाबलं.

खाली! हा मला बुडवतोय – हा एकच विचार लख्ख, पूर्ण वाक्यात तिच्या मनात उमटला, आणि भयंकर गोष्ट म्हणजे तिला नवल वाटलं नाही. पण पुढच्याच क्षणी पाण्याने तिला वर फेकलं, तोच जोर साधून त्याने स्वतःला मागे झोकून दिलं, आणि ती त्याच्या छातीवर धपकन येऊन पडली.

पुढे वाळूच्या पट्ट्यावर राफ्ट लागली. गाइड तिला तपासून उठला आणि कौतुकाने नवऱ्याला म्हणाला, "दादा, आधी दाबून मग ओढणं मी तर शिकवलंच नव्हतं. कुठे शिकलात?"

त्याचे दात वाजत होते. शिक्षिकाबाईंनी आपला टॉवेल तिच्या खांद्यांवर टाकला, नशीबवान आहेस गं बाई, असं म्हणून सुनेला घेऊन त्या पलीकडे गेल्या, आणि दोघंच उरली.

चार महिने घोळवलेलं वाक्य आता तिच्या ओठांवर होतं. एप्रिलमध्ये तू कुणाबरोबर आला होतास? एवढंच. तोंड उघडायचा अवकाश होता.

"तू दोरी सोडलीस," तो म्हणाला.

तिने टॉवेल अंगाभोवती ओढून घेतला.

"मी तुझ्या हाताकडेच बघत होतो. पाणी आलं तेव्हा नाही... त्याच्या आधी सोडलीस."

"निसटला हात," ती म्हणाली. "ओली होती ना दोरी."

किती सहज आलं ते! जेवण गच्चीवर होतं – तेही असंच आलं असेल का? त्याने तिच्याकडे पाहिलं. डोळे लाल झाले होते. नदीच्या पाण्याने असतील, नसतीलही.

"बरं," तो म्हणाला.

हे 'बरं' तिच्या चांगल्या ओळखीचं होतं. ते किती जड असतं, ते घेऊन माणूस रात्र रात्र कसा पडून राहतो, हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार? तिने आपला हात पालथा केला, उताणा केला. पाण्याआधी बोटं उघडली होती. तिला आठवत होतं, निदान आता आठवल्यासारखं वाटत होतं. कशासाठी? त्याला ओढता येतं का, हे बघायला? की तो ओढेल का, हे? हे दोन प्रश्न वेगळे आहेत हे तिला आत्ता, वाळूत बसल्यावर कळत होतं. पहिल्याचं उत्तर मिळालं होतं आणि ते तिला नको होतं. दुसऱ्याचंही मिळालं होतं. त्याचं काय करायचं ते मात्र सुचेना. आणि हा, लाट अंगावर येत असताना, सगळं सोडून माझ्या हाताकडे का बघत होता? एप्रिलपासून ती घरात गप्प गप्प असे, बोलता बोलता खिडकीशी जाऊन उभी राही. त्या गप्प राहण्याचा त्याने काय अर्थ लावला होता? मला इथे आणायचं म्हणून एप्रिलमध्ये शिकून आला होता का हे सगळं? की त्या दुसरीच्या संगतीत?

गाइडने शिट्टी वाजवली. अजून चार धारा बाकी होत्या आणि परत जायला दुसरी वाट नव्हती.

"तू माझ्या पुढे बस," तो म्हणाला. "मला दिसशील अशी."

ती बसली. राफ्ट वाळू सोडून हलली, आणि त्याची नजर मानेवर टेकल्यासारखी तिला जाणवू लागली. ती राखण होती की पाळत, हे तिला कळेना. दोन्हींतलं आपल्याला नेमकं काय हवंय, हेही कळेना. तिने मनगटाला दोरीचा वेढा देऊन मूठ आवळली. बोटं पांढरी पडली तरी तिचा त्या बोटांवर भरवसा बसत नव्हता. पुढे पाण्याचा आवाज वाढू लागला. मागे वळून एकदा त्याच्याकडे पाहावं असं तिला फार वाटलं. पण वळलं तर मूठ सैल होईल, या भीतीने ती समोरच पाहत राहिली.