दुसऱ्या कुलपाआडची पट्टी

मी बोलतेय, गोदामातल्या तिसऱ्या फळीवरून. दहा गोळ्यांची एक पट्टी. रक्ताच्या कॅन्सरवरचं औषध; रोज एक गोळी घ्यायची असते. पण माझी एकही गोळी आजवर कुणाच्या घशाखाली उतरलेली नाही.

माझा शोध दुसऱ्याच कंपनीने लावला. त्यांना वीस वर्षांचं पेटंट मिळालं, म्हणजे तोवर ते औषध इतर कुणी विकायचं नाही. त्यांनी डोकं झिजवलं होतं, त्यामुळे मला त्यात काही गैर वाटत नाही. पण त्यांच्या गोळीची किंमत ऐकून भल्याभल्यांना घाम फुटायचा. पेटंट संपायला सहा महिने उरले तेव्हा आमच्या कारखान्याने तेच औषध स्वस्तात करायला घेतलं. आधी बनवून ठेवायची मुभा होती, विकायची नव्हती. पेटंट संपेल त्याच सकाळी ट्रक सोडायचे, असा बेत होता.

गोदाम सांभाळणाऱ्या बाईंना सगळे ताई म्हणतात. त्यांच्या धाकट्या भावाला हाच आजार. महागडं औषध पुरवून पुरवून वापरायचं म्हणून तो एक दिवसाआड गोळी घ्यायचा आणि डॉक्टरांना मात्र बिनदिक्कत सांगायचा, रोज घेतो! ताईंनी त्याला शब्द दिला होता, पहिली पट्टी तुझी.

तो दिवस उजाडला. ट्रक भरले, आणि कंपनीचे वकील कागद नाचवत धावत आले.

"अहो, पेटंट संपलं ना?" ताईंनी विचारलं.

"संपलं हो! पण मूळ कंपनीच्या चाचण्यांच्या जोरावर दुसऱ्या कुणाला विक्रीची परवानगी द्यायची नाही, असं आणखी एक बंधन असतं. ते मूळ औषधाला इथे मंजुरी मिळाल्यापासून ठरावीक वर्षं चालतं. इथे मंजुरी उशिरा मिळाली. आम्ही शेजारच्या देशातल्या मंजुरीची तारीख धरून बसलो."

"म्हणजे एक कुलूप काढलं, तर आत दुसरं? अजून किती दिवस?"

"दोन वर्षं."

ताईंनी मला उलटं करून पाहिलं. माझ्यावरची मुदत संपायची तारीख ती दोन वर्षं भरण्याच्या सहा महिने आधीची आहे. शिकलेली माणसं, पण इथली आणि तिथली, अशा दोन तारखा शेजारी शेजारी ठेवून बघायचं कुणाला सुचलं नाही. मला अजूनही त्यांचा संताप येतो.

भावाला खरं सांगायचा ताईंना धीर झाला नाही. "अजून बनतंय रे," असं म्हणत त्यांनी वर्ष काढलं.

परवा तो स्वतःच गोदामात आला. गाल बसलेले, शर्ट अंगावर लोंबतोय. छतापर्यंत रचलेली खोकी बघून तो जागीच थांबला.

"ताई, तू तर म्हणालीस तयारच नाही."

ताईंनी त्या दुसऱ्या कुलपाचं सगळं एका दमात सांगून टाकलं. त्यांनी खोकं फोडलं आणि मला त्याच्या हातात कोंबलं. "घे. माझं काय व्हायचं ते होऊ दे."

त्याने अंगठ्याने माझ्या गोळ्या एकेक चाचपल्या. "दहा दिवस जातील गं. मग गोळी नाही आणि तुझी नोकरीही नाही. घरात कमावतं कोण आहे दुसरं?"

ताई मला परत घेईनात. शेवटी त्यानेच मला खोक्यात ठेवलं, झाकण नीट लावलं आणि ताईंचे डोळे पुसले. मला त्या क्षणी पट्टी फाडून बाहेर पडावंसं वाटलं.

सहा महिन्यांनी आम्हाला भट्टीत घालतील आणि कागदावर कारण लिहितील, मुदत संपली. तो कागद कधी वाचलात तर एवढं ध्यानात ठेवा, माझ्यात औषध होतं, आणि ज्याला ते हवं होतं त्याने मला स्वतःच्या हाताने परत ठेवलं.